घर पाहावे सायकलवरून

‘घर पाहावे बांधून’ असे पूर्वज सांगून गेले. त्यांच्याकडे बांधायला जागा होती. आपण पुण्यात घर पाहतो ते बिल्डरच्या गाडीत बसून, काचा वर करून. हे म्हणजे फोटोवरून स्थळ पसंत करणे झाले.

हल्ली जाहिरातींत एक नवे कलम आले आहे : ‘सायकलप्रेमींसाठी खास’. खाली ठळक अक्षरात, ‘सिंहगड वीस मिनिटांवर’. कोणत्या वाहनाने आणि रात्री किती वाजता, ते मात्र छापत नाहीत. शिवाय आवारात सायकल ट्रॅक असतो. म्हणजे इमारतीभोवती मारलेला निळा पट्टा. त्यावर दहा फेऱ्या मारल्या की माणूस दहाव्यांदा होता तिथेच येतो. घाण्याच्या बैलाचे याहून निराळे काय असते? त्याला निदान पेंड मिळते. आपण मेंटेनन्स भरतो.

अहो, सायकल कुठेतरी जाण्यासाठी असते! मंडईत, शाळेत, पोस्टात, कचेरीत. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते काही लोक रविवारी रंगीत टोप्या घालून खडकवासल्याला जात म्हणून नव्हे. सदाशिव पेठेतला माणूस चार-पाच किलोमीटर पायडल मारून कॅम्पात जाई, दिवसभर खर्डेघाशी करी आणि येताना हँडलला भाजीची पिशवी अडकवून परत येई, म्हणून. सिंहगड तो पायीच चढे.

यावर आमच्या इमारतीतले विद्वान म्हणतात, “ते हॉलंडात चालतं हो! सपाट देश!” सपाट तर सोलापूरही आहे. हॉलंडातही 1970 च्या सुमारास मोटारींनीच रस्ते बळकावले होते. 1971 साली तिथे रस्त्यांवरच्या अपघातांत चारशेहून अधिक मुले गेली. आईबाप रस्त्यावर उतरले, 1973 मध्ये तेलाचे संकट आले, तेव्हा कुठे सरकार हलले. जमीन आधीही सपाटच होती. तिने काही केले नाही.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. 2006 नंतर बीआरटीबरोबर सातारा रस्ता, सोलापूर रस्ता इथे ट्रॅक आले. 2017 साली महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला. पण कर्ज मंजूर होणे आणि पैसे हातात पडणे यांतला फरक बँकेत बसणाऱ्याला कुणी शिकवू नये. ट्रॅक दिसतो, चार पावले चालतो, मग विजेची डीपी येते, मग भेळेची गाडी, मग एक वडाचे झाड. पुढे तो संपतो. संपला अशी पाटीसुद्धा नसते. अशा तुकड्याजवळ घर घेणे म्हणजे रूळ आहेत म्हणून स्टेशनजवळ राहिल्यासारखे. गाडी थांबते का, ते विचारायला नको?

गृहकर्जाच्या फायली माझ्या टेबलावरून जातात. पगार, वय, जामीनदार, सगळे रकाने भरलेले. ‘पोर शाळेत सायकलने एकटे जाऊ शकेल काय?’ हा रकानाच नाही. हप्ते वीस वर्षांचे. तेवढ्यात पोराची शाळा संपून लग्नाचे वय होते. दरम्यान त्याला शाळेत पोचवायला दुसरी गाडी लागते, तिचे निराळे कर्ज. आम्ही तेही देतो. व्याज थोडे जास्त.

तेव्हा सोमवारी सकाळी साडेनऊला भाड्याची का होईना, सायकल घ्या आणि त्या फाटकातून निघा. हायवे ओलांडायला जागा आहे का, सर्व्हिस रोड मध्येच गायब होतो का, हे पंधरा मिनिटांत कळते. ‘हिल व्ह्यू’चा अर्थ संध्याकाळी परतताना कळतो. तो पोटऱ्यांना आधी कळतो.

आणि हेही जमत नसेल, तर सकाळी सातला नुसते फाटकाशी उभे राहा. पेपरवाला, माळी, रात्रपाळी संपवून निघालेला रखवालदार : या सोसायटीत खरोखर सायकल चालवणारी माणसे एवढीच. कुठल्या पुलाखाली पाणी साचते, कुठला ट्रकवाला कडेला दाबतो, त्यांना पाठ असते. त्यांच्या सायकलींना मात्र आत मज्जाव. त्या बाहेर, भिंतीला टेकून, खांबाला साखळीने बांधलेल्या. निळ्या पट्ट्याला त्यांचे चाक कधी लागलेले नाही.

सेल्स ऑफिसातल्या टायवाल्याला काही विचारू नका. त्या माळ्याला विचारा, “दादा, कुठून येता? किती वेळ लागतो?” आणि त्याची सायकल भिंतीबाहेर उन्हात उभी असेल, तर बुकिंगचा चेक खिशातच राहू द्या.