हिरव्या खड्याचे खूळ

गेल्या पाडव्याला मी आमच्या सौभाग्यवतींना हिरव्या अपोफिलाइटची अंगठी केली. संक्रांतीच्या आधीच, भांडी घासताना, खड्याचा टवका उडाला! ‘पाचूहून दुर्मिळ, साहेब!’ म्हणत आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या एका दुकानदाराने तो माझ्या गळ्यात मारला होता. दुर्मिळ खराच. पण दुर्मिळ ते सारे अंगावर घालावे, हे कोणी सांगितले? पाचूची कठिणता साडेसात ते आठ. याची जेमतेम साडेचार ते पाच. चाकूनेही ओरखडा उठतो. तापवला की पापुद्रे सुटतात. त्याचे ग्रीक नाव त्यावरूनच पडले आहे.

वाचकहो, आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांत हे स्फटिक उमलतात. व्हॅनेडियमच्या अंशाने त्यांना हिरवी झाक येते. पुण्याच्या पाषाणचे, राहुरीकडचे हिरवे झुबके परदेशचे संग्राहक खडकासकट, अखंड जपतात. आणि आम्ही? आम्ही ते फोडून पैलू पाडतो! सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात मुलाबाळांना घेऊन जा, काचेआडचे वैभव डोळे भरून पाहा, आणि सोनाराकडे जाताना ते विसरा.

आमची अंगठी देवघरातल्या डबीत पडून आहे. यंदा सौभाग्यवतींनी निक्षून पाटल्या मागितल्या आहेत.