क्लिओपात्राचे डोळे आणि सुरम्याची कुपी



आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात नववीतल्या एका मुलीला क्लिओपात्रा व्हायचं होतं. रंगभूषा, नेहमीप्रमाणे, अर्धवेळ बाईंच्या गळ्यात! नमुना म्हणून तिने एका जुन्या अमेरिकन जाहिरातीचं चित्र आणलं. कानशिलाकडे ओढलेली काळी रेघ, रंगवलेल्या पापण्या, कपाळावर सरळ कापलेले केस. "बाई, अश्शीच दिसले पाहिजे हं मी!"

मला हसू आलं. खरी क्लिओपात्रा कशी दिसत होती, हे कुणी पाहिलंय? हा चेहरा घडवला सिनेमाने आणि जाहिरातवाल्यांनी.

पामोलिव्ह साबण १८९८ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत निघाला. पुढे त्याच्या जाहिरातींत इजिप्तच्या राण्या झळकू लागल्या. सौंदर्याचं गुपित जणू थेट त्यांच्याकडून आलेलं! १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तूतनखामेनची कबर सापडली आणि या वेडाला उधाणच आलं. दागिने, कपडे, पावडरच्या डब्या, सगळीकडे इजिप्त. एलिझाबेथ टेलरचा 'क्लिओपात्रा' १९६३ साली आला, पण रेव्हलॉनची 'क्लिओपात्रा लुक'ची जाहिरात त्याआधीच, १९६२ साली, मासिकांत झळकली होती.

गंमत म्हणजे, नेफरतिती आणि क्लिओपात्रा यांच्यात तेराशे वर्षांचं अंतर, आणि क्लिओपात्राचं घराणं मूळचं ग्रीक. जाहिरातीत मात्र सगळ्या राण्या एकाच साच्यातल्या.

इथवर ठीक होतं. पण त्या मुलीने दप्तरातून सुरम्याची कुपी काढली आणि माझ्या पोटात गोळा आला.

जाहिरातींनी सांगितलं नाही ते हे, की इजिप्तमधलं ते काळं अंजन बहुधा शिशाच्या खनिजाची पूड असे. बायका, पुरुष, मुलं, सगळेच ते लावत. त्यातले काही क्षार डोळ्यांच्या रोगांपासून बचाव करत असावेत, असं फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१० साली मांडलं. म्हणून ते आपण वापरायचं? छे! शिसं शरीरात साठतं, मुलांच्या मेंदूला घातक ठरतं. त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि बाजारातल्या कित्येक सुरम्यांत आजही शिसं सापडतं.

माझा धाकटा तान्हा असताना कुणीतरी प्रवासाहून कौतुकाने आणलेला सुरमा मी रोज त्याच्या डोळ्यांत घालत होते. डॉक्टरांनी विचारलं, रक्त तपासायला लावलं. अहवाल येईपर्यंतच्या दोन रात्री मी कशा काढल्या, माझं मला ठाऊक. सुदैवाने सगळं ठीक निघालं.

तेव्हा तान्ह्यांच्या डोळ्यांत सुरमा, काजळ काही घालू नका. सासूबाई रागावल्या, तर दृष्टीचा टिळा तळपायाला लावा. स्वतःसाठी घ्याल ते चांगल्या दुकानातलं, त्यात काय काय आहे ते छापलेलं घ्या. रेघ पापणीच्या बाहेरून ओढा आणि झोपण्यापूर्वी आठवणीने पुसा.

आमची क्लिओपात्रा साध्या आयलायनरवर झकास दिसली. कुपी मात्र मी तिच्या हाती परत दिली नाही. तिच्या आईला बोलावून घेतलं आणि माझ्या त्या दोन रात्री सांगितल्या.