युनियननंच वाऱ्यावर सोडलं, तर दाद कुठं मागायची?

मंडळी, विषय अमेरिकेचा आहे. पण ज्यानं कधी युनियनच्या वर्गणीची पावती फाडलीय, त्याला तो लगेच कळेल.

कॅलिफोर्नियात मॉन्टेरे इथं अमेरिकी संरक्षण खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे. सत्तरच्या दशकात तिथल्या करहालिओस नावाच्या ग्रीक भाषेच्या शिक्षकानं परीक्षा दिली, 81 गुण मिळवले आणि वरचं पद मिळवलं. हे पद पूर्वी ज्याच्याकडं होतं, त्या शिक्षकानं परीक्षेलाच नकार दिला होता. त्यानं तक्रार केली आणि युनियन त्याच्यासाठी लवादापुढं गेली. भरती नव्यानं झाली. त्याला 83 गुण मिळाले, करहालिओस पुन्हा खालच्या पदावर. तो दाद मागायला युनियनकडं गेला, तर युनियननं हात वर केले. कारण, आधी दुसऱ्याची बाजू घेतली होती!

आता गंमत बघा. तिथल्या केंद्र सरकारी नोकरांच्या कायद्यात (1978) मान्यताप्राप्त युनियन सगळ्यांची एकमेव प्रतिनिधी. सभासद असो वा नसो, सगळ्यांची बाजू नीट मांडणं तिचं कर्तव्य. लवादाकडं जायचं तर युनियन किंवा खातं जाणार. कर्मचारी स्वतः जाऊ शकत नाही.

मग युनियनविरुद्ध तक्रार कुठं? फेडरल लेबर रिलेशन्स अथॉरिटीकडं, तीही सहा महिन्यांच्या आत. तिथं जनरल कौन्सेल हा एकच अधिकारी ठरवणार की प्रकरण पुढं चालवायचं की नाही. करहालिओसच्या तक्रारीत तथ्य आढळलं, पण तडजोड काय झाली? यापुढं सगळ्यांची बाजू घेऊ, अशी नोटीस युनियननं फळ्यावर लावायची. त्याच्या हाती शून्य.

तो कोर्टात गेला. 1989 मध्ये सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की, या कायद्यानं कर्मचाऱ्याला युनियनवर थेट दावा लावायचा हक्क दिलेलाच नाही. खासगी कारखान्यातल्या कामगाराला मात्र तो आहे, 1967 च्या निकालात तो स्पष्ट झालाय. सरकारी नोकर तेवढा उपरा!

कोर्टाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. संसदेनं मुद्दाम स्वतंत्र यंत्रणा उभारली, तर न्यायाधीशांनी आपल्या मनानं नवा हक्क कसा निर्माण करायचा? आणि प्रत्येक नाराज माणूस कोर्टात गेला, तर युनियन चालणार कशी? मान्य.

पण ज्या दाराची किल्ली एकाच माणसाकडं, तो माणूसच नसला तर? 2017 च्या अखेरीपासून 2021 पर्यंत ही जनरल कौन्सेलची खुर्ची रिकामी होती. त्या काळात कुठलंच प्रकरण पुढं जाऊ शकलं नाही. कर्तव्य कायद्यात, दाद कुलुपात.

माझं मत साधं आहे. अथॉरिटीनं ठरावीक मुदतीत निर्णय दिला नाही किंवा खुर्चीच रिकामी असली, तर कर्मचाऱ्याला कोर्टाचं दार उघडं हवं. हे काम कोर्टाचं नाही, अमेरिकी संसदेचं आहे. यानं युनियन कमजोर होत नाही. उलट एकटा सभासदही जाब विचारू शकतो हे माहीत असलं, की पदाधिकारी सरळ चालतात.

आपल्याकडंही मान्यताप्राप्त युनियन आहेत. तुमचं बोलायचा हक्क ज्याला एकट्याला दिलाय, तो गप्प बसला तर तुम्ही कुठं जाणार? अनुभव असेल तर खाली लिहा.