समजून घ्या : गावात मशीन शॉप टाकताय? आधी लेथ की सीएनसी?

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रमसारख्या गावात मशीन शॉप सुरू करायचे, तर 'कोणती मशीन?' याआधी 'काम कोणाचे?' हे ठरवा. कर्ज फिटणार की थकणार, ते त्यावरच ठरते.

दुरुस्तीची कामे असतील तर?
ट्रॅक्टरची पिन, थ्रेशरचा शाफ्ट, पंपाचे बुश असे नग एकेक आणि वेगवेगळे येतात. साधी लेथ, ड्रिलिंग मशीन आणि वेल्डिंग पुरेसे. एका नगासाठी सीएनसीचा प्रोग्राम आणि सेटिंग परवडत नाही.

सीएनसी कधी?
एकाच ड्रॉइंगचे शेकडो नग दरमहा मिळण्याची कंपनीकडून लेखी ऑर्डर असेल तेव्हा. गोल नगांना सीएनसी लेथ, सपाट आणि खाचांच्या कामाला व्हीएमसी.

हिशेब कसा मांडायचा?
समजा, हप्ता ४० हजार रुपये. महिन्यात २०० तास काम मिळाले, तर तासाला २०० रुपये नुसत्या हप्त्याचे. काम निम्मे झाले, की ४०० रुपये. वीज, टूल, ऑपरेटरचा पगार वेगळा.

अनुदानाचे काय?
'पीएमईजीपी'त २०२२ मध्ये प्रकल्प मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख, सेवेसाठी २० लाख रुपये झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५, विशेष गटाला ३५ टक्के अनुदान. मात्र ही रक्कम तीन वर्षे बँकेतच ठेव म्हणून राहते, नंतर कर्जात वळती होते. तोवर हप्ता कमाईतूनच.

आधी काय कराल?
थ्री-फेज वीजजोडणीची चौकशी करा. परिसरातील वर्कशॉपमधून कोणती कामे परत जातात, ते आठवडाभर पाहा. कोटेशन त्यानंतर मागवा.