गुडघ्याच्या लवणीतली सूज

गायकवाडांच्या काळापासून बडोद्यात मराठी घरं आहेत, आणि आपल्यापैकी कुणाची ना कुणाची तिथं सोयरीक निघतेच. समजा, तिथल्या मांजलपुरात दिलेल्या धाकट्या बहिणीचा रात्री फोन येतो, "दादा, आमच्या थोरल्याच्या गुडघ्यामागं एकदम सूज आलीय. मार नाही, ताप नाही. आत काहीतरी उडतंय म्हणतो." मुलगा अठरा वर्षांचा. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला लहानपणापासून एक टणक उंचवटा आहे. "साधी गाठ आहे, घाबरू नका," असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलेलं. आता दादानं काय सांगावं?

फोन कल्पनेतला आहे, दुखणं मात्र खरं आहे.

त्या उंचवट्याला ऑस्टिओकॉन्ड्रोमा म्हणतात. आपण हाडाची गाठ म्हणू, घरातली कानडी माणसं एलुबिन गड्डे म्हणतील. वाढत्या वयात हाड जिथून लांबीला वाढतं, तिथंच बाजूला फांदी फुटावी तशी ती येते. शेंड्यावर कूर्चेची टोपी असते. हाडांच्या साध्या गाठींत सर्वांत जास्त आढळते ती हीच, आणि तिची आवडती जागा गुडघ्याच्या आसपास. उंची वाढायची थांबली की गाठही थांबते. बहुतेकांना जन्मभर त्रास होत नाही, आणि त्रास नसेल तर ती काढायचीही गरज नसते. एकट्या गाठीचा कॅन्सर होणं फारच क्वचित. त्या भीतीनं झोप उडवून घेऊ नये.

पण गुडघ्याच्या लवणीतून पायाला रक्त नेणारी मोठी धमनी जाते. ती वर आणि खाली स्नायूंच्या कमानींत जखडलेली असते, म्हणून मध्ये गाठ आली तरी तिला बाजूला सरकता येत नाही. वाढ थांबता थांबता कूर्चेची टोपी हाडासारखी टणक होते, कधी टोकदारही. आडाच्या काठावर दोर घासून विरावा तशी गुडघ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर धमनीची भिंत झिजत जाते आणि एके दिवशी तिला छिद्र पडतं. रक्त बाहेर येऊन भोवतीच्या मांसात कोंडतं. हे बहुधा विशीच्या आसपासच्या मुलांत घडतं. कोलंबोचे सर्जन मिलरॉय पॉल यांनी असा रुग्ण १९५३ साली नोंदवला होता. पुढे जगभरातून नोंदी आल्या, तरी प्रकार दुर्मीळच राहिला.

दुर्मीळ म्हणूनच तो फसवतो. लचक समजून तेल चोळतात. गळू समजून चीर देतात. शिरेत गुठळी झाली समजून रक्त पातळ करणारं औषध सुरू होतं, किंवा कॅन्सरच्या शंकेनं तुकडा काढायला सुई घातली जाते. चीर आणि सुई यांनी तर कोंडलेलं रक्त मोकळं वाहू लागतं.

म्हणून दादानं सांगावं: चोळू नको, शेकू नको, हाडवैद्याकडे तर अजिबात नको. जुना एक्स-रे घेऊन त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा. बडोद्यात सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल आहे. गाठ जुनी आहे हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, आणि कलर डॉपलर आधी करता येईल का ते विचारा. हाताला ठोका लागला नाही तरी निर्धास्त होऊ नका. आत रक्त गोठलं की ठोका लागत नाही. पाऊल गार, पांढरं किंवा बधिर पडलं असेल, तर तासातासाला महत्त्व आहे.

ऑपरेशनमध्ये हाडाचा उंचवटा काढतात आणि धमनी सांधतात. छिद्र लहान असेल तर टाक्यांवर भागतं, नाहीतर पायातल्याच शिरेचा तुकडा जोडतात.

काही मुलांच्या अंगावर अशा गाठी अनेक ठिकाणी असतात. हा प्रकार बहुतेक वेळा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो आणि पुढच्या प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आपल्याकडे स्थळ बघताना हे झाकून ठेवतात. मग नातवाचा गुडघा सुजला की कुणालाच काही आठवत नाही आणि आजोबांच्या मनगटावरचा तसाच उंचवटा बाहीत झाकलेला राहतो.