निकाल लागल्यावरची पाच मिनिटं

गेला आठवडाभर आमच्या घरी पहाटे पावणेसहाला गजर होतोय. गजर भाच्याचा, जाग मला. तिकडे अमेरिकेत रात्रीचं बास्केटबॉल सुरू होतं तेव्हा इकडे दूधवालाही आलेला नसतो. तर या चिरंजीवांच्या लाडक्या संघात एक नवखा सेंटर आहे. उंच, गोंधळलेला आणि कायम बाकावर. ‘मामा, त्याला जास्त खेळवायला नको का?’ हा प्रश्न मला चहाच्याही आधी येतो.

या वादात डार्को मिलिचिचचं नाव निघतंच. २००३च्या ड्राफ्टमध्ये लेब्रॉन जेम्सपाठोपाठ डेट्रॉइट पिस्टन्सनी या अठरा वर्षांच्या सर्बियन पोराला उचललं. कार्मेलो अँथनी, ख्रिस बॉश, ड्वेन वेड त्याच्या मागे. पण संघात सेंटरच्या जागी आधीच बेन वॉलेस होता आणि डोळा विजेतेपदावर. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी डार्कोला पहिल्या मोसमात ३४ सामने दिले, सरासरी पाचेक मिनिटांचे. लोक त्याला ‘विजयाची सिगार’ म्हणत; तो उतरला की समजायचं, सामना खिशात. २००४ची अंतिम मालिका पिस्टन्सनी लेकर्सविरुद्ध ४-१ अशी जिंकली. आता ब्राउनना नावं कोण ठेवणार?

बसवा की बाकावर, माझं काही म्हणणं नाही. पण मग ‘पोरगा काही शिकला नाही’ असंही म्हणू नका. आत घुसणाऱ्याला अडवायला उडी कधी मारायची आणि कधी नुसते हात वर करून उभं राहायचं, हे सेंटरला फाउल करूनच कळतं. सहा झाले की बाहेर. ती फी भरू द्यायला हवी. पुढे मिनेसोटात २०१०-११ला याच डार्कोला सामन्यामागे चोवीस मिनिटं मिळाली, तेव्हा त्याने जवळजवळ नऊ गुण आणि दोन ब्लॉक अशी सरासरी राखलीच की!

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात हेच चालतं. सेक्रेटरीसाहेब पावतीपुस्तक शर्टाच्या खिशात ठेवतात आणि माइक हातात. ‘हॅलो, हॅलो, चेक’सुद्धा दुसऱ्या कुणाला म्हणू देत नाहीत. पोरांकडे खुर्च्या. दहाव्या दिवशी साहेबांचा घसा बसतो, मिरवणूक फाटकाबाहेर पडते आणि मागे उरलेल्या चार माणसांसमोर एका पोराला माइक मिळतो: ‘निळी चप्पल सापडली आहे, ओळख पटवून घेऊन जावी.’ तो बिचारा ‘चप्पल’वर अडखळतो. लगेच साहेब मान हलवतात, ‘बघा! म्हणून आम्हालाच करावं लागतं.’ आणि वार्षिक सभेत पुन्हा तेच रडगाणं, तरुण पुढे येत नाहीत!

यंदाच्या सभेत मी ठराव मांडतोय: पहिल्या दिवशीच्या आरतीचा माइक पोरांकडे, चपलांच्या घोषणा सेक्रेटरींकडे. अनुमोदक हवा आहे. साहेबांच्या मजल्यावरचा असल्यास उत्तम.