रावस, कोळंबी आणि साडेसातशे रुपयांचा मासा

मागच्या आठवड्यात कँटीनमध्ये टीममधल्या एका पोराने माझी पार विकेट काढली. विषय निघाला मासे गरवण्याचा. मी म्हटलं, मी गळाला कोळंबी लावतो. त्यावर साहेब डोसा अर्धवट ठेवून म्हणाले, "कोळंबी? म्हणजे तू त्यांना जेवायला घालतोस आणि मग पकडतोस. त्यात कसला आलाय स्पोर्ट? लुअर लावून रावस काढून दाखव, मग बोलू." आजूबाजूचे चार जण हसले. मीही हसलो. उत्तर तयार होतं, पण दिलं नाही. कारण थोड्याफार फरकाने हेच वाक्य मी २०२४ च्या दिवाळीत माझ्या बाबांना ऐकवलं होतं. तेही चारचौघांत.

तर आज त्या न दिलेल्या उत्तराबद्दल.

आधी नवख्या मंडळींसाठी दोन शब्द. गळाला खरंखुरं खाणं लावलं, म्हणजे कोळंबी, बोय, माकुळ वगैरे, की ते आमिष. लाकडाचा, प्लॅस्टिकचा नाहीतर पत्र्याचा खोटा मासा लावला की तो लुअर. आणि चालत्या होडीमागे तंगूस सोडून हे खरं किंवा खोटं खाणं ओढत नेणं म्हणजे ट्रोलिंग. (इंटरनेटवरचं ट्रोलिंग वेगळं. पण आमिष तिथेही लागतंच!)

बाबा मूळचे देवगडचे. बोरिवलीत पस्तीस वर्षं काढली, तरी रविवारी पाण्याकडे तोंड केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी शाळेत होतो तेव्हा गोराई खाडीच्या जेट्टीवर त्यांच्याबरोबर जायचो. सामान काय, तर पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेलं तंगूस, शिशाचा गोळा, दोन-तीन गळ आणि वर्तमानपत्रात बांधलेली मूठभर कोळंबी. मिळायचे बहुतेक शिंगाळे. त्याच्या काट्याला हात लागला की दिवसभर ठणका, त्यामुळे गळ सोडवायचं काम बाबांचं, बघायचं माझं. पुढे इंजिनीअरिंग, कॅम्पस, क्युबिकल. जेट्टी सुटली.

मासेमारी परत आली ती थेट अमेरिकेत. २०२३ मध्ये काही महिने सिअॅटलला ऑनसाइट होतो. तिथल्या एका सहकाऱ्याकडे छोटी बोट होती. ऑगस्टमधल्या एका शनिवारी तो मला प्युजेट साउंडमध्ये सॅल्मनच्या ट्रोलिंगला घेऊन गेला. मी अवाक! होडीच्या बाजूला डाऊनरिगर नावाची चरखी, तिच्या तारेला जड गोळा, त्यामुळे दोरी हव्या तितक्या खोलीवर राहते. खोली आकड्यात दिसते. दोरीवर फ्लॅशर म्हणून एक चकचकीत पट्टी, ती पाण्यात गरगर फिरत राहते. तिच्यामागे हूची, म्हणजे झालरीचा रबरी माकुळ. होडी दोन-अडीच नॉटने चालवायची. इंजिनीअर माणसाला अजून काय हवं? खोली, वेग, रंग, अंतर... सगळे पॅरामीटर्स! एक बदलायचा, बाकीचे तेच ठेवायचे, निकाल बघायचा. आम्हाला एक कोहो मिळाला आणि माझं डोकं फिरलं.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा बघूनही बघितली नाही. त्या सहकाऱ्याने आदल्या रात्री हेरिंग मासे खडेमिठाच्या पाण्यात मुरवून ठेवले होते, मांस घट्ट व्हावं आणि गळावर टिकावं म्हणून. त्याचं अख्खं किचन घमघमत होतं. दुपारी हूचीला काही लागेना तेव्हा त्याने एका हेरिंगचं डोकं तिरकं कापलं, धड गळाला लावलं, आणि ते पाण्यात जखमी माशासारखं गिरक्या घेत निघालं. तो कोहो त्याच हेरिंगला लागला होता. घरी फोनवर सांगताना मी फ्लॅशर सांगितला, हूची सांगितली, डाऊनरिगर सांगितला. हेरिंग गाळलं.

परत येताना बॅगेत आईसाठी चॉकलेटं आणि माझ्यासाठी अकरा लुअर. इथे आल्यावर अजून घेतले. एक तर साडेसातशे रुपयांचा, पोटाखाली लाल, पाठीवर निळा, डोळे असे की बघणारा मासा प्रेमात पडावा. कार्बनचा रॉड आला, वेणी घातलेली जपानी दोरी आली. आता हे सगळं वापरायचं कुठे? सॅल्मन आपल्याकडे नाही. पण बाजारात आणि हॉटेलच्या मेनूत रावसला 'इंडियन सॅल्मन' म्हणतातच की! झालं. मी ठरवलं, रावसवर ट्रोलिंग.

२०२४ ची भाऊबीज रविवारी आली होती. मढहून एक छोटी होडी ठरवली. ऑफिसातले तीन मित्र, मी आणि बाबा. संध्याकाळी ओवाळून घ्यायला घरी परत यायचं होतं. होडी मनोरी खाडीच्या तोंडाकडे निघाली तशी बाबांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढली. मित्रांपैकी एकाने नाक मुरडलं. आणि मी म्हणालो, "बाबा, ते आत ठेवा ना. वास येतोय. आज जरा नीट फिशिंग करू, जेट्टीवरचं नको." बाबांनी पुडी परत पिशवीत ठेवली. काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने नुसतं होडीबाहेर बोट दाखवून म्हणाले, "ह्या पाण्यात तुका तुझो हात तरी दिसता काय? मगे माशाक रंग कसो दिसतलो?"

तीन तास आम्ही ओढलं. निळा ओढला, लाल ओढला, चांदीचा ओढला. लुअरला दोनदा प्लॅस्टिकची पिशवी लागली आणि एकदा कुणाच्या तरी जाळ्याचा तुकडा. शेवटी तांडेलच कंटाळला. त्याने इंजिन बंद केलं, खडकाच्या आडोशाला नांगर टाकला आणि मला नव्हे, बाबांना विचारलं, "काका, कोलंबी हाय का?" पुडी निघाली. अर्ध्या तासात एक रावस आला, पावणेदोन किलोचा. मित्रांनी फोटो काढले, अर्थात रॉड हातात धरून. बाबा तंगूस गुंडाळत होते.

त्यानंतर मी दोनदा विचारलं तर म्हणाले, "गुडघे दुखतत. तू जा मित्रांबरोबर." मीही तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आता ते हात दिसण्याचं वाक्य. ते डोक्यात इतकं बसलं की नंतरचे कित्येक वीकेंड मी रावस या माशावरच वाचत बसलो. आणि वाचता वाचता लाज वाटत गेली.

पहिलं म्हणजे रावस हा सॅल्मन नाहीच. दूरचा नातेवाईकही नाही. कुळच वेगळं. शास्त्रीय नाव एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम, म्हणजे चार बोटांचा. बाजारात गेलात तर मावशीला सांगून त्याच्या छातीकडचे पर बघा. खालच्या बाजूला चार-चार सुटे धागे लोंबताना दिसतील. हे धागे त्याची बोटं. गढूळ पाण्यात चाचपडत खाणं शोधायला. डोळ्यांवर चरबीचा पारदर्शक पडदा. तोंड पुढे नाही, नाकाडाच्या खालच्या बाजूला. हा मासा किनाऱ्याजवळच्या गाळाच्या पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी राहतो, कोळंबी आणि छोटे मासे खातो. म्हणजे ज्याचं सगळं शरीर 'मला नीट दिसत नाही, मी हाताने शोधतो' असं सांगतंय, त्याच्यासाठी मी पोटाखालची लाल छटा निवडत होतो. धन्य!

बरं, ती लाल छटा स्वच्छ पाण्यातही फार टिकत नाही. समुद्रात लाल प्रकाश सर्वात आधी शोषला जातो, काही मीटर खाली लाल हा काळपट राखाडी होतो. आपल्या किनाऱ्यावर तर गाळ आणि कुजलेला पालापाचोळा यांच्यामुळे निळाही लवकर मरतो. उरतो तो हिरवा-पिवळा. म्हणून गढूळ पाण्यात लुअर लावायचाच तर पोपटी, नाहीतर सरळ काळा, ज्याची निदान सावली तरी दिसेल. आणि रंगापेक्षा त्याचं थरथरणं महत्त्वाचं, कारण माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेषेला पाण्यातली हालचाल कळते. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये पहिला लुअर बुचाच्या लाकडाचा कोरला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि वरून फोटोच्या निगेटिव्ह वितळवून लेप दिला. दिसायला काय दिव्य असेल ते असो, पण तो जखमी मासोळीसारखा डुलत चालायचा, आणि नाव झालं ते त्या चालीमुळे. दुकानातल्या काचेमागे मात्र चाल दिसत नाही, रंग दिसतो. मी तिथेच फसलो.

दुसरी चूक तिथीची. भाऊबीज म्हणजे अमावस्येनंतरची द्वितीया, म्हणजे भर उधाण. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. इतकं पाणी खाडीत आत-बाहेर करताना तळाचा गाळ ढवळून काढतं. चहा बरा! त्या दिवशी मी जगातला कुठलाही लुअर लावला असता तरी तेच झालं असतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला ओढ कमी, गाळ थोडा बसतो. तेव्हा लुअरला निदान संधी आहे. मी सुट्टी बघून निघालो होतो, तिथी नाही.

याचा अर्थ लुअर भंपक आहेत असा नाही. पावसाळ्यानंतर, थंडीत मालवणकडे पाणी निवळलं की सुरमई आणि कुपा यांच्यावर ट्रोलिंग करून बघा. सुरमई डोळ्याने शिकार करते, वेगात येते, चकाकी बघून तोडते. तिथे चमचा किंवा पिसांचा लुअर कोळंबीच्या तोंडात मारतो. चालत्या होडीमागे कोळंबी तशीही टिकत नाही, मऊ असते. (एकदा मी बोंबील लावून बघितला होता. गळ पाण्यात पोचेपर्यंत बोंबील वेगळा आणि गळ वेगळा. हसू नका.) ओढायचंच असेल तर माकुळाची पट्टी, ती चिवट असते. रावससाठी मात्र थांबलेली होडी, तळाजवळ सोडलेलं तंगूस, आणि शक्य तर जिवंत कोळंबी. तिला गळ शेपटीकडून लावायचा किंवा डोक्यावरच्या करवतीखालून, आतल्या काळ्या ठिपक्याला धक्का न लावता, म्हणजे ती पाण्यात उड्या मारत राहते. पाग टाकता येत असेल तर छोटी बोय. मेलेली कोळंबी हा शेवटचा पर्याय, कारण तिच्यावर आधी खेकडे आणि शिंगाळे पंगत मांडतात.

त्या कँटीनवाल्या पोराच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, आणि तो त्याला माहीत नाही. आमिष मासा गिळतो. गळ घशात, पोटात जातो, मग त्याला परत सोडलं तरी बहुधा जगत नाही. लुअर बहुतेक वेळा ओठात लागतो. रावसच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाला की मादी होतो. म्हणजे मोठा रावस ही बहुधा अंडी घालणारी मादी. सिअॅटलला सॅल्मनसाठी काटा नसलेला गळ वापरायचा नियमच होता. आपल्याकडे हौशी माणसाला असं विचारणारं कुणी भेटत नाही, म्हणून आपणच बघायला हवं. मी आता आमिषाला सर्कल हूक लावतो, टोक आत वळलेला. तो शक्यतो तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. अट एकच, मासा लागला की झटका मारायचा नाही, दोरी आपोआप ताणू द्यायची. हे शिकायला मला दोन महिने लागले, हात ऐकतच नाही.

पण 'कोळंबी म्हणजे स्पोर्ट नाही' हे मात्र मी मान्य करणार नाही. तो नियम दुसऱ्या पाण्यातला आहे, जिथे दहा-पंधरा फुटांवरचं दिसतं. तो उचलून मनोरीच्या खाडीत आणला की जेट्टीवर बाटलीला तंगूस गुंडाळून बसलेले सगळे गावठी ठरतात आणि साडेसातशे रुपये मोजणारा तेवढा खेळाडू. आणि ज्याच्या बोटीवर हा नियम मी शिकलो असं मला वाटत होतं, तो स्वतः रात्री बारा वाजता हेरिंगला मीठ चोळत बसला होता!

परवा मासळीबाजारात गेलो. मावशीने ओळखलं. "खावाला का गलाला?" म्हटलं, गळाला, पण ताजी द्या. "मंग ही ने, शनवारी सकालीच ये." घरी येऊन बाबांना सांगितलं, की शनिवारी जेट्टीवर जातोय, जिवंत ठेवायला बादली आणि हवेचा छोटा पंप आणलाय, आणि सर्कल हूकला कोळंबी कशी लावायची ते मला नीट जमत नाही. शेवटचं थोडं खोटं होतं. त्या भाऊबीजेबद्दलही बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं की तेव्हा मी मूर्खासारखं बोललो.

बाबा पेपर वाचत होते. चष्मा वर करून त्यांनी तो गळ हातात घेतला, बोटावर फिरवून बघितला. "वाकडो कित्याक असा?" मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, गळ मला परत दिला, उठले, आणि गुडघ्यावर हात ठेवत भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेले.

"शनवारी पंचमी," म्हणाले. "अजून पाणी गढूळ असतला. अष्टमीक जावया."